गोष्ट, इतिहास की साक्ष? पुस्तकाचा प्रकार ओळखणं हेही चळवळीचंच काम



शाळेतल्या मराठीच्या अभ्यासात एक छोटासा प्रश्न असतो, 'साहित्यप्रकार ओळखा'. मुलं पाठ केलेलं उत्तर लिहितात. कथा, कविता, ललित लेख, प्रवासवर्णन, आत्मकथन. गुण पदरात पडले की विषय संपला. मास्तरही फार थांबत नाहीत आणि पालकांना तर असा प्रश्न असतो हेच ठाऊक नसतं.

आमचं म्हणणं असं की आपल्या पोरांनी या प्रश्नावर थांबायला हवं. या देशात शेकडो वर्षं रचलेल्या कथा इतिहास म्हणून सांगितल्या गेल्या, आणि आपल्या लोकांनी भोगलेला इतिहास मात्र 'करुण कहाणी' म्हणून बाजूला ठेवला गेला. हा खेळ चालला तो प्रकारांच्या अदलाबदलीवर. ही अदलाबदल बाराव्या-तेराव्या वर्षीच ओळखू आली, तर पुढे त्या पोराला कुणी सहजासहजी गंडवू शकणार नाही.

हे आम्ही कुठल्या सिद्धान्ताच्या पुस्तकातून आणलेलं नाही. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात एक लोखंडी कपाट आहे. दर रविवारी सकाळी वंदना झाली की ते उघडतं आणि पाचवी ते दहावीची पोरं पुस्तकं घेऊन बसतात. पुस्तकं लोकांनी दिलेली. कुणाच्या घरातली रद्दी, कुणी जयंतीला घेतलेल्या पुस्तिका, कुणाच्या शाळेत बक्षीस मिळालेल्या 'संस्कारकथा'. तीनेकशे पुस्तकं झाली तेव्हा ती नीट लावायची ठरलं. मोठ्यांनी लावली असती तर दोन तासांचं काम होतं. आम्ही ते पोरांवर सोपवलं आणि त्याला चार रविवार लागले. त्या चार रविवारांत जी भांडणं झाली, त्यातून हा लेख निघाला आहे.

चार प्रश्न

भांडणं वाढायला लागली तेव्हा आम्ही फळ्यावर चार प्रश्न लिहिले. एक, बोलतंय कोण? दोन, हे खरंच घडलं असा दावा पुस्तक करतं का? तीन, दावा असेल तर आधार काय दिला आहे? चार, हे कुणाला सांगितलंय आणि ऐकणाऱ्याने काय करावं अशी अपेक्षा आहे?

इसापनीतीला हे प्रश्न लावणं सोपं. कोल्हा बोलतो, कावळा बोलतो, हे घडलं असं कुणी म्हणतच नाही, त्यामुळे आधारही मागायचा नाही. शेवटी एक शिकवण मिळते. झाली नीतिकथा. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथेत घडलेलं खरं नसतं, पण विज्ञानाचे नियम पाळून घडू शकेल असं असतं. तीही कथाच, पण तिचा करार वेगळा.

खरी मजा फास्टर फेणेने आणली. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवनात शिकणारा. सहावीतला एक पोरगा म्हणाला, "हे खरं आहे. फुरसुंगी आहे ना, माझी मावशी राहते तिथे." सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सातवीतल्या एका मुलीने त्याला उत्तर दिलं, "गाव खरं असलं म्हणून गोष्ट खरी होत नाही. लेखक खरं गाव घेऊन खोटा माणूस तिथे ठेवू शकतो."

मित्रहो, हे वाक्य लक्षात ठेवा. कारण पुढच्याच रविवारी मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची, पुराणांतल्या अवतारांची सचित्र पुस्तकं हातात आली आणि दोन-तीन पोरांनी ती सरळ 'इतिहास' म्हणून शिवाजी महाराजांच्या चरित्राशेजारी लावली. का, तर "नाशिकला पंचवटी आहे." फुरसुंगीवरून उत्तर देणारी तीच मुलगी पुढे आली आणि पुस्तकं उचलून 'पुराणकथा' या कप्प्यात ठेवली. आम्हाला एक शब्दही बोलावा लागला नाही.

पुराणकथा या कप्प्यात ठेवणं म्हणजे जाळणं नव्हे. पोरांनी त्या कथा वाचाव्यात. शंबुकाचं काय झालं, एकलव्याचा अंगठा कुणी मागितला, हे माहीत नसेल तर प्रश्न तरी कसे विचारणार? जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथा एकेक करून समोर घेतल्या आणि उलटतपासणी केली. त्यासाठी त्यांनी प्रकार निवडला तो संवादाचा. धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. पुराण ऐकणाऱ्याला मान डोलवायची असते, संवादात मात्र प्रश्न विचारायची जागा असते. तात्यासाहेबांनी नाटक लिहिलं, पोवाडा लिहिला, अखंड लिहिले. कुणाशी बोलायचं आणि काय साधायचं हे पाहून प्रकार निवडणारा इतका जाणता लेखक त्या काळात शोधून सापडणार नाही.

आपल्याच घरात हा निकष लावताना

दुसऱ्याची पुराणं पुराणाच्या कप्प्यात ठेवणं सोपं आहे. अवघड काम त्यानंतर सुरू झालं.

जातककथा कुठे ठेवायच्या? एक पोरगी म्हणाली, "बुद्धांच्या आहेत म्हणजे इतिहास." फळ्यावरचे चार प्रश्न तिथेच होते. बोलणारं माकड, बोलणारं हरीण, मागच्या जन्माचा दावा. पोरांनी स्वतःच त्या 'लोककथा व नीतिकथा' मध्ये ठेवल्या. तिथेही कुणी मोठ्याने हस्तक्षेप केला नाही.

मग बाबासाहेबांच्या बालपणावरच्या पुस्तिका निघाल्या. जयंतीला, 6 डिसेंबरला दहा-वीस रुपयांना मिळतात त्या. त्यात भीमाचे संवाद असतात, आई काय बोलली, गुरुजी काय बोलले, भीमाच्या मनात काय आलं, सगळं अवतरणचिन्हांत. पण हे कुठून घेतलं याचा पत्ता नाही. पोरांनी निकष लावला आणि एक पुस्तिका 'कथा' या कप्प्यात गेली.

विहाराच्या समितीतले एक ज्येष्ठ काका ते बघत होते. त्यांनी 1970 च्या दशकातली चळवळ अंगावर घेतलेली, लाठ्या खाल्लेल्या. ते भडकले. "पोरांनो, बाबासाहेबांना गोष्ट म्हणता? उद्या बाहेरचे लोकही हेच म्हणतील, तेव्हा काय तोंड दाखवाल?"

काकांचा राग खोटा नव्हता. आपला इतिहास पुसण्याचे प्रयत्न रोज होत असताना आपल्याच पोरांनी चरित्राला कथा म्हणावं, हे त्यांना झोंबलं. आम्ही त्यांच्याशी वाद घातला तो त्यांचा मान राखूनच. आम्ही म्हणालो, "काका, बाबासाहेब गोष्ट नाहीत, पण ही पुस्तिका गोष्ट आहे." आणि मग बाबासाहेबांचाच दाखला काढला. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी पहिलाच प्रश्न सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा घेतला आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही आपण लहानपणापासून ऐकलेली कथा बाबासाहेबांनी मानली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यातलं काहीच पाहिलं नसेल हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा मुद्दा. त्याऐवजी त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. ज्या बुद्धांना शरण गेले, त्यांच्या चरित्रालाही त्यांनी 'हे पटतं का, याला आधार काय' असं विचारलं. आपण पुस्तिकेला विचारलं तर बाबासाहेबांचा अपमान कसा होईल?

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग खरं कुठलं वाचायचं, ते तरी पोरांच्या हातात द्या." हा सवाल रास्त होता. आम्ही त्या पुस्तिकेवर 'गोष्टीरूप चरित्र, आधार दिलेला नाही' अशी चिठ्ठी लावली आणि पोरांच्या हातात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' दिलं.

हे छोटं लिखाण प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने वाचलं पाहिजे, आणि प्रकार ओळखण्यासाठी तर याच्याइतका चांगला धडा नाही. इथे बाबासाहेब स्वतः बोलतात. 1901 साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नसतं, ही मुलं महार आहेत असं कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवान दुप्पट भाडं घेतो, तरीही गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार, या अटीवर तयार होतो. जवळ खायला भरपूर आहे, पण प्यायला पाणी मिळत नाही. पुढे बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतला प्रसंग, चाळीसगावचा टांगा, दौलताबाद किल्ल्यावरचा पाण्याचा हौद. शेवटच्या भागांत बाबासाहेब स्वतः बाजूला होतात आणि गुजरातेतल्या दुसऱ्या अस्पृश्यांवर गुदरलेले प्रसंग मांडतात. मग हे आत्मकथन की आणखी काही?

पोरांना आम्ही चौथा प्रश्न विचारायला लावला. कुणासाठी लिहिलंय? बाबासाहेब सुरुवातीलाच सांगतात की परदेशी माणसाला अस्पृश्यता म्हणजे काय हे समजावं म्हणून हे प्रसंग दिले आहेत. दहावीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे ही साक्ष आहे. कोर्टात देतात तशी." शाळेच्या यादीत 'साक्ष' नावाचा साहित्यप्रकार नाही. आमच्या कपाटात त्या दिवसापासून आहे.

याच प्रसंगांवर 2011 साली 'भीमायन' ही इंग्रजी चित्रकथा आली. चित्रं काढली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी. त्यात चांगल्या माणसांच्या तोंडचे शब्द पक्ष्याच्या आकारात लिहिले आहेत आणि विषारी शब्दांना विंचवाची नांगी आहे. इंग्रजी न येणारी पोरंही नुसते आकार बघून कोण कसं बोलतंय ते सांगतात. प्रसंग तेच, प्रकार बदलला. पण इथे साक्षीशी नातं तुटलेलं नाही, मूळ कुठलं ते वाचणाऱ्याला कळतं. आधार नसलेली पुस्तिका आणि आधारावर उभी असलेली चित्रकथा यांतला फरक पोरांना यातून दिसला.

दोन मोळ्या

'बोलतंय कोण' हा पहिला प्रश्न किती खोल जातो, ते एका उदाहरणाने सांगतो.

'श्यामची आई' महाराष्ट्रातल्या बहुतेक मराठी घरांत असतं, आमच्याही कपाटात आहे. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ते पूर्ण आत्मचरित्र नाही आणि निव्वळ कादंबरीही नाही. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो, असा त्याचा घाट. त्यात एका महार म्हातारीचा प्रसंग आहे. तिची लाकडांची मोळी खाली पडते, कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते आणि नंतर घरी येऊन आंघोळ करायला सांगते. त्या काळातल्या ब्राह्मण घरात ही मोठीच गोष्ट होती, हे मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. याच साने गुरुजींनी पुढे 1947 साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी उपोषण केलं.

पण त्या प्रसंगात बोलतंय कोण? श्याम. रडू कुणाला येतं? श्यामला. मोठं मन कुणाचं दिसतं? श्यामच्या आईचं. मोळीवाली म्हातारी तिथे श्यामवर संस्कार व्हावा म्हणून आलेली आहे. तिचं नाव काय, ती घरी गेल्यावर काय झालं, श्याम आंघोळ करणार आहे हे तिला ठाऊक होतं का, हे आपल्याला कळत नाही.

आता दुसरं पुस्तक घ्या. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं', 1986 साली पुस्तकरूपाने आलेलं. त्यातही मोळी आहे. महार बाया रानातून लाकडं तोडून आणतात आणि ब्राह्मण आळीत विकायला जातात. मोळी सोडून लाकडं रचताना त्यांना काटकी न् काटकी पाहावी लागते. आपल्या लुगड्याचा धागा, डोक्याचा केस तिला चिकटून राहिला तर घर बाटेल, म्हणून मालकीणबाई लांबून दटावत असते. इथे मोळीवाली स्वतः बोलते आहे. तिला उन्हाचा, काट्यांचा, भुकेचा हिशेब माहीत आहे. आणि विटाळ मानणारं घर बाहेरून कसं दिसतं, तेही तीच सांगते.

दोन्ही उतारे आम्ही एकापाठोपाठ वाचले. एकात मोळी संस्कारकथेचं साधन आहे, दुसऱ्यात ती कष्टाचा पुरावा आहे. वाचून झाल्यावर सातवीतली ती मुलगी म्हणाली, "पहिल्यात आजी गप्प आहे." याहून चांगली समीक्षा आम्हाला करता आली नसती. 'श्यामची आई' कपाटातून काढून टाका, असं आम्ही म्हणत नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा, एवढंच म्हणतो.

'दलित साहित्य' नावाचा कप्पा

मोठ्या ग्रंथालयांत, पुस्तकांच्या दुकानांत एक कप्पा असतो, 'दलित साहित्य'. त्यात दया पवारांचं 'बलुतं' असतं, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' असतो, बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' असतं, अण्णाभाऊंची 'फकिरा' असते. आता प्रकार बघा. पहिलं आत्मकथन, दुसरा कवितासंग्रह, तिसरा कथासंग्रह, चौथी कादंबरी. चारही एकाच फळीवर का? बाकीच्या लेखकांच्या कविता कवितेत, कादंबऱ्या कादंबरीत आणि आमच्या सगळ्या एका कोपऱ्यात. गावाबाहेरच्या वस्तीसारखी ही रचना नाही तर काय? 'सवर्ण साहित्य' असा कप्पा कुणी पाहिला आहे का?

यावर आपल्यातलेच काही मित्र म्हणतील की हे नाव आपण लढून मिळवलं. खरं आहे. 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, पुढे 'अस्मितादर्श'ने लेखकांच्या पिढ्या घडवल्या. ते नाव सोडायचा प्रश्नच नाही. पण ते प्रवाहाचं नाव आहे, प्रकाराचं नव्हे. म्हणून आम्ही प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर दोन पट्ट्या लावल्या. पांढऱ्या पट्टीवर प्रकार, निळ्या पट्टीवर प्रवाह. 'फकिरा' कादंबऱ्यांत बसते, इतर कुठल्याही कादंबरीच्या खांद्याला खांदा लावून, आणि निळ्या पट्टीमुळे ओळखूही येते. दलित कविता हवी असेल तर मिळते, आणि नुसती चांगली कविता शोधणाऱ्यालाही 'गोलपिठा' टाळता येत नाही.

'आत्मकथन' या शब्दाचंही तसंच. आत्मचरित्र बहुधा मोठ्या माणसाने उतारवयात, कर्तृत्वाचा आढावा घेत लिहायचं असा रिवाज होता. आपल्या लेखकांनी तो मोडला. शरणकुमार लिंबाळे यांची 'अक्करमाशी' 1984 साली आली तेव्हा ते तिशीच्या आतले होते. 'बलुतं'मध्ये तर दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो, म्हणजे एकच माणूस दोन होऊन बोलतो. सांगण्यासारखं कर्तृत्व असावं लागतं ही अट गेली, सांगण्यासारखं जगणं पुरे झालं. पंधरा वर्षांच्या पोराला हे कळलं की तो विचारतो, "मग मी पण लिहू शकतो?" त्याने हे विचारावं म्हणून तर ही सगळी खटपट.

चौदा वर्षांच्या मुलीने निवडलेला प्रकार

बालसाहित्य म्हटलं की आपल्याकडे बोधकथा पुढे येते. खरं बोल, मोठ्यांचं ऐक, आहे त्यात समाधान मान. बोधकथेत प्रश्न लेखक विचारतो आणि उत्तरही तोच देतो.

1855 साली पुण्यात सावित्रीमाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने लिहायला घेतलं, तेव्हा तिने बोधकथा लिहिली नाही. तिने निबंध लिहिला. वय चौदाच्या आसपास. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेदांचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा बिनतोड सवाल तिने त्यात टाकला. बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हेही तिने लिहिलं. दावा, पुरावा, तर्क, सवाल, सगळं त्यात आहे. निबंध म्हणजे 'माझा आवडता ऋतू' एवढंच माहीत असलेल्या आपल्या पोरांना तो वाचून दाखवा आणि विचारा, हा प्रकार कोणता? तुम्ही यात काय लिहाल?

आणि जे पुस्तकात नाही त्याचं काय? भीमगीतं, जलसे, दळताना म्हटलेल्या ओव्या. आपल्या अडाणी ठरवलेल्या आज्यांनी बाबासाहेब गाण्यांतून पोचवले. आमच्या पोरांनी वस्तीतल्या आज्यांकडून गाणी उतरवून घेऊन दोन वह्या भरल्या आहेत. त्या वह्याही कपाटात आहेत, पांढऱ्या पट्टीवर लिहिलंय 'ओवी' आणि 'भीमगीत'.

स्पर्धा परीक्षेच्या काळात हे कशाला?

हा आक्षेप आम्हाला रोज ऐकावा लागतो. कपाटात एमपीएससीची पुस्तकं ठेवा, पोरं नोकरीला लागतील. ती पुस्तकंही ठेवली आहेत. पण मोबाइलवर काय येतं ते बघा. बाबासाहेबांच्या नावाने वाक्यं फिरतात, खंडाचा, पानाचा पत्ता नाही. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, ते उघडून बघायची तसदी कुणी घेत नाही. कुणी खोटा इतिहास पाठवतं, आपण चिडून तितकाच निराधार इतिहास उलट पाठवतो. कोण बोलतंय, दावा काय, आधार काय, हेतू काय, हे चार प्रश्न तिथेही तसेच लागू होतात. ज्याला जातककथा आणि चरित्र यांत फरक करता येतो, त्याला फॉरवर्ड आणि बातमी यांतही करता येतो.

तेव्हा कार्यकर्ते मित्रहो, एवढं करा. तुमच्या विहारात, समाजमंदिरात, अभ्यासिकेत जी काही पुस्तकं असतील ती जमिनीवर ओता. पोरांना गोल बसवा, फळ्यावर चार प्रश्न लिहा आणि पुस्तकं त्यांनाच लावू द्या. पैसे लागत नाहीत, वक्ता बोलवावा लागत नाही. भांडणं होतील, होऊ द्या. कुणी ज्येष्ठ रागावले तर त्यांनाही गोलात बसवा. आमचे काका आता दर रविवारी येतात आणि नवीन पुस्तिका आली की आधी तेच शेवटचं पान उलटून विचारतात, "आधार कुठे दिलाय?"

जय भीम!